चौपाटीवरचं विमान: तळपदे प्रकरणाची कागदोपत्री तपासणी

१८९५ साली शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, तेही राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही गोष्ट महाराष्ट्रात आता बहुतेकांच्या कानावर गेलेली आहे. विमानाचं नाव मरुत्सखा. ते माणसाशिवाय उडालं, पंधराशे फुटांपर्यंत चढलं आणि मग खाली आलं. बघायला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हजर होते. 'केसरी'त बातमी आली. विमान पाऱ्यावर चालत होतं. पुढे इंग्रजांनी दबाव आणला, सयाजीरावांची मदत आटली, तळपदे खचले आणि त्यांच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी विमानाचे भाग रॅली ब्रदर्स या परदेशी पेढीला विकून टाकले.

गोष्टीचं हे भरलेलं रूप. प्रत्यक्षात ती ज्याच्या तोंडून ऐकावी त्याप्रमाणे बदलते. कोणी म्हणतं काही मिनिटं उडालं, कोणी अठरा मिनिटं सांगतं. कुठे विमान आपोआप उतरतं, कुठे ते कोसळतं. महिना आणि तारीख मात्र बहुतेक ठिकाणी नसतेच.

तळपदे खरोखर होऊन गेले आणि विमानाच्या विचाराने ते खरोखर झपाटलेले होते. म्हणून ही गोष्ट चेष्टेवारी नेणं मला मान्य नाही. पण जशी सांगितली जाते तशी ती स्वीकारणंही मान्य नाही. तो इतिहासाचा दावा आहे, आणि असे दावे तपासण्याची पद्धत आपल्याकडे बाहेरून आणावी लागत नाही. तळपदे जन्मले १८६४ मध्ये. त्यांच्या आदल्याच वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जन्मले होते. तळपदे मुंबईत विमानविद्येच्या मागे लागले होते, त्याच काळात राजवाडे दफ्तरं धुंडाळत गावोगाव हिंडत होते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. प्रसंगानंतर पिढ्या उलटून लिहिलेली बखर कितीही रसाळ असली तरी त्या दिवशी लिहिलेल्या साध्या पत्राच्या तुलनेत तिचं वजन कमी, हे मराठी वाचकाच्या मनावर ठसवायला राजवाड्यांनी आयुष्य घातलं. तळपद्यांच्या विमानाला तोच निकष लावायचा: यात बखर किती आणि पत्र किती?

माणूस

तळपदे पाठारे प्रभू समाजातले, मुंबईचे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी त्यांचा शिकवण्याच्या नात्याने संबंध होता. संस्कृतची ओढ होती आणि आर्य समाजाशी जवळीक होती. आर्य समाजाची स्थापनाच मुंबईत, गिरगावात, १८७५ मध्ये झाली. स्वामी दयानंद सरस्वतींच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिके'त नौका आणि विमानं यांच्या विद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे. तारायंत्राच्या विद्येचं मूळही वेदात असल्याचं प्रतिपादन त्यात आहे. ते वाचून तळपदे विमानाकडे वळले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं आणि त्यांच्या आयुष्याकडे बघता ते पटतं. १९०७ मध्ये त्यांचं 'प्राचीन विमान कलेचा शोध' हे पुस्तक निघालं. १९१६-१७ च्या सुमारास ते वारले.

एवढ्यावरूनही माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. परक्यांच्या राज्यात, परक्यांनी चालवलेल्या कलाशाळेत काम करणारा हा मनुष्य. यंत्रं बाहेरून येताना रोज पाहतोय आणि आपल्या जुन्या ग्रंथांत त्यांची बीजं आहेत असं त्याला कोणीतरी अधिकारवाणीने सांगतंय. बहुतेक लोक हे ऐकून सुखावले असते आणि तिथेच थांबले असते. तळपद्यांनी ग्रंथातलं करून बघायचं ठरवलं. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो एवढ्यासाठी, आणि तो चौपाटीवर काय घडलं यावर अवलंबून नाही.

१८९५ साल विमानाच्या प्रयत्नांसाठी अवेळी नव्हतं, हेही सांगायला हवं. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल टेकडीवरून ग्लायडर घेऊन झेपावत होता. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्झिमचं वाफेवरचं अजस्र यंत्र १८९४ मध्ये रुळांवरून क्षणभर उचललं गेलं होतं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ लॉरेन्स हारग्रेव्हने त्याच वर्षी पेटीपतंगांच्या आधाराने स्वतःला जमिनीवरून वर उचलून दाखवलं होतं. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनोचं रबराच्या पिळावर उडणारं छोटं मॉडेल तर १८७१ मधलं. मुंबईतल्या एका कल्पक माणसाने माणसाविना उडेल असं मॉडेल करून पाहिलं असेल, तर त्यात मुळात अशक्य काही नाही. पंधराशे फूट, पारा आणि रानडे या तीन गोष्टी त्याला जोडल्या की दावा वेगळ्या जातीचा होतो.

उड्डाणाचा माग

खरं उड्डाण झालं की मागे काय उरतं, याचा नमुना अवघ्या वर्षभरानंतरचा आहे. ६ मे १८९६ ला अमेरिकेत सॅम्युअल लँग्लीचं 'एरोड्रोम क्रमांक ५' हे विनाचालक यंत्र पोटोमॅक नदीवर उडालं. तेही हवेपेक्षा जड, तेही माणसाविना. पावणेचौदा फुटांच्या आसपास पंखांचा विस्तार, एक अश्वशक्तीच्या घरातलं वाफेचं इंजिन. नदीत उभ्या केलेल्या तरत्या घराच्या छतावरून ते सोडलं आणि सुमारे ३,३०० फूट अंतर कापून पाण्यावर अलगद उतरलं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे होते, त्यांनी फोटो काढले आणि त्याच महिन्यात 'नेचर' साप्ताहिकात त्यांचं निवेदन छापून आलं. त्याआधीची लँग्लीची अनेक वर्षांची अपयशंही नोंदवलेली आहेत: कोणतं इंजिन कमी पडलं, कोणता पंख वाकला, सगळं. यंत्र आजही संग्रहालयात आहे.

आता चौपाटीकडे वळू. १८९५ ची चौपाटी निर्जन किनारा नव्हती. समोर विल्सन कॉलेजची इमारत, १८८९ मध्ये बांधून झालेली; तिथे शास्त्रविषय शिकवणारे प्राध्यापक होते. बाजूने बी.बी.सी.आय. रेल्वेच्या गाड्या धावत. चर्नी रोड स्टेशन हाकेच्या अंतरावर. मलबार हिलवर गव्हर्नर आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बंगले. राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. पंधराशे फूट म्हणजे त्याच्या पाचपटीहून जास्त. एवढ्या उंचीवर गेलेली वस्तू गिरगाव, वाळकेश्वर, ग्रँट रोड इथल्या प्रत्येक गच्चीवरून दिसली असती, बॅक बेमधल्या होड्यांवरूनही दिसली असती. त्या शहरात इंग्रजी, मराठी आणि गुजराती दैनिकं होती, साप्ताहिकं होती, फोटोग्राफर होते. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलचित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया, हेसुद्धा आपल्याला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून ठाऊक आहे. ती चित्रं पाहून मुंबईचे फोटोग्राफर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, इतके भारले गेले की त्यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. नव्या गोष्टीचं एवढं अप्रूप असलेल्या, इतकं लिहिणाऱ्या आणि टिपणाऱ्या शहरात राजाबाई टॉवरच्या पाचपट उंच उडालेल्या यंत्राची एकही समकालीन नोंद पुढे येत नाही. या प्रकरणातली माझ्या दृष्टीने सर्वांत जड बाब हीच.

'केसरी'चं नाव दर वेळी घेतलं जातं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. 'केसरी' तेव्हा साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा. १८९५ चे सगळे अंक मिळून बावन्न-त्रेपन्न होतात. अंक दुर्मीळ असले तरी हरवलेले नाहीत, फायली आहेत. बातमी आली होती असं छापणाऱ्याने तारीख आणि पान सांगितलं असतं तर वाद एका दिवसात मिटला असता. शंभरेक लेखांत 'केसरी'चा उल्लेख आढळतो. मूळ बातमीचा मजकूर, तिचा मथळा किंवा तिचं छायाचित्र त्यांपैकी कुणी समोर ठेवत नाही. एक लेख दुसऱ्या लेखाचा हवाला देतो आणि साखळी मागे नेत गेलं की टोकाला 'असं म्हणतात' उरतं.

रानड्यांचंही तसंच. १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. त्यांचं आयुष्य बारकाईने नोंदलेलं आहे; भाषणं छापलेली आहेत, रमाबाईंनी आठवणी लिहिल्या आहेत. शिवाय देशी उद्योगधंद्यांचा एवढा कळवळा असलेला दुसरा मोठा माणूस त्या पिढीत शोधावा लागेल. भारतीय माणसाने केलेलं यंत्र आकाशात जाताना रानड्यांनी पाहिलं असतं आणि ते त्याबद्दल पुढची सहा वर्षं, १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, गप्प बसले असते, हे मला त्यांच्या स्वभावाशी जुळवताच येत नाही. त्यातून १८९५ च्या अखेरीस पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरवावी की नाही यावरून टिळक आणि रानडे यांच्या पक्षांत कडाक्याचं भांडण झालं होतं. एकमेकांच्या हालचालींवर दोन्हीकडची पत्रं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होती.

साक्षीदारांमध्ये त्यातल्या त्यात वजनदार नाव पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचं. वेदांचे मोठे अभ्यासक, मूळचे चित्रकार, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. मरुत्सखा काही मिनिटं हवेत राहिलं असं त्यांनी लिहिल्याचं सांगतात. हा धागा मी झटकून टाकणार नाही. तळपद्यांच्या वर्तुळातल्या माणसाची आठवण म्हणून तिला किंमत आहे. पण आठवण ही आठवणच. कोणत्या वर्षी, स्वतः पाहिलं की ऐकलं, यंत्र केवढं होतं, कशाने ढकललं गेलं, हे तिच्यातून कळत नाही. हाताएवढं मॉडेल थोडा वेळ हवेत राहणं आणि पंधराशे फूट चढणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ही आठवण फार तर पहिल्या गोष्टीला आधार देते.

इंग्रजांनी दडपलं का

पुरावा नाही म्हटलं की उत्तर येतं: इंग्रजांनी नष्ट केला. परकीय सत्तेने आपलं काय काय केलं हे माहीत असलेल्या वाचकाला ते लगेच पटतं, आणि त्या भावनेला आधारही आहे. पण नेमकं हे सरकार कागदांच्या बाबतीत कसं वागायचं ते पाहू. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत देशी वर्तमानपत्रांचा साप्ताहिक गोषवारा इंग्रजीत तयार होत असे. सरकारला खुपणारा मजकूर त्यात आवर्जून घेतला जाई. ते अहवाल आज मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो 'केसरी'तल्या मजकुरावरून. तो मजकूर, त्याचे अनुवाद, साक्षी, सगळं शिल्लक आहे. धोकादायक वाटलेली गोष्ट हे सरकार फाइलमध्ये बांधून ठेवत होतं.

आणि दडपशाहीचा सिद्धांत ज्या माणसापाशी येऊन अडतो तो माणूस तळपद्यांच्याच शहरातला, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान: शंकर आबाजी भिसे. मुंबईत त्यांनी विज्ञानाची आवड असलेल्यांचा क्लब काढला. वजन करून माल आपोआप देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यावर इंग्लंडमधली स्पर्धा जिंकली. दिनशा वाच्छांचं पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. छपाईचे खिळे ओतणारं 'भिसोटाइप' यंत्र तयार केलं. त्यासाठी जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांनी पैसा घातला आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. भागीदारांच्या वादात, पैशांच्या ओढाताणीत त्यांचे हाल झाले. पुढे ते अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये तिथेच वारले. एका मराठी संशोधकाला साम्राज्याच्या चौकटीत काय सोसावं लागलं याची ही खरी कथा आहे. तिचे कागद उरले: पेटंटं आहेत, पत्रव्यवहार आहे, यंत्रांचे आराखडे आहेत. तळपद्यांचं विमान ठाऊक असलेल्या दहा जणांना विचारा, भिसे एकालाही माहीत नसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

सयाजीरावांबद्दल एक गोष्ट. त्यांच्या बडोद्यातून निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतच १९२४-२५ मध्ये भोजराजाचा 'समरांगणसूत्रधार' पहिल्यांदा छापला गेला, गणपतिशास्त्रींच्या संपादनाने. प्राचीन विमानावर बोलणाऱ्याने वाचावा असा अस्सल जुना ग्रंथ हा आहे, अकराव्या शतकातला. त्याच्या यंत्राध्यायात हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करावा, त्याच्या पोटात पाऱ्याचं पात्र आणि खाली अग्नी ठेवावा, मग आत बसलेला माणूस त्या शक्तीने आकाशात दूर जातो, असं वर्णन आहे. लगेच भोज सांगतो की यंत्रांची घडण इथे दिलेली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे. म्हणजे पाऱ्याच्या विमानाची कल्पना आपल्याकडे निदान नऊशे-हजार वर्षं जुनी आहे, यात शंकाच नाही, आणि ती सुंदर आहे. मात्र सांधा कुठे, जाडी किती, पात्राचं तोंड कोणत्या दिशेला, यातलं काही ग्रंथकाराने दिलेलं नाही. त्यावरून यंत्र बांधता येत नाही.

पारा आणि 'वैमानिक शास्त्र'

पाऱ्याचं इंजिन म्हटलं की हल्ली 'नासासुद्धा तेच करते' असं सांगितलं जातं. त्यात एक खरा कण आहे. १९६४ आणि १९७० मध्ये अमेरिकेने अवकाशात तपासलेल्या आयन इंजिनांत पारा वापरला होता. पाऱ्याच्या वाफेतले अणू विजेने भारित करून प्रचंड वेगाने मागे सोडायचे आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जायचं. पण १९७० च्या त्या इंजिनाचा रेटा केवढा होता? सुमारे २८ मिलिन्यूटन, म्हणजे तीनेक ग्रॅम वजन तोलण्याइतका. शंभर किलोचं यंत्र नुसतं जमिनीवरून अधांतरी धरायचं तर तशी ३५ हजार इंजिनं लागतील, त्यांच्या विजेच्या सोयीचं वजन वेगळंच. वर ही इंजिनं फक्त निर्वात अवकाशात चालतात. हवेच्या दाबात आयनांचा झोत बाहेर पडताच अडतो. चौपाटीच्या वाऱ्यात हे घडू शकत नाही. उरला भोजाचा मार्ग, पारा तापवून वाफ करायचा. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, एक लिटर भरतो साडेतेरा किलो आणि त्याची वाफ जहाल विषारी. वाफच हवी तर पाणी कितीतरी हलकं आणि निरुपद्रवी. लँग्लीने आणि मॅक्झिमने पाणीच वापरलं होतं.

तळपद्यांच्या विमानाचा आधार म्हणून जे 'वैमानिक शास्त्र' पुढे केलं जातं त्याचा कालक्रम तर तपासायलाच हवा. ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नावावर आहे. पण तो कागदावर उतरला तो कर्नाटकातल्या आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या मुखातून, १९१८ ते १९२३ या काळात. वेंकटाचल शर्मा लिहून घेत होते. चित्रं १९२३ मध्ये बंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली. एक प्रत १९४४ पर्यंत बडोद्याच्या संस्कृत ग्रंथालयात पोहोचली, १९५९ मध्ये हिंदी आवृत्ती आली, १९७३ मध्ये म्हैसूरच्या जोस्येर यांचा इंग्रजी अनुवाद. ग्रंथ सांगायला सुरुवात होण्यापूर्वीच तळपदे वारले होते. मग १८९५ चं विमान या ग्रंथावरून कसं बनलं असेल?

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी, मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू यांनी, या ग्रंथाचा पूर्ण अभ्यास केला. मला तो अभ्यास आवडतो कारण त्यांनी ग्रंथ न वाचता फेटाळला नाही. हस्तलिखितांचा माग काढला, शास्त्रींच्या जवळच्यांकडे चौकशी केली, भाषा तपासली आणि मग शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चारही विमानांची गणितं मांडली. संस्कृत अर्वाचीन वळणाचं निघालं. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही असा त्यांचा निष्कर्ष. विमानांत रुक्म विमानाचीच कल्पना थोडी अर्थपूर्ण वाटली, त्यात पंख्यांनी वरून हवा ओढून उभ्या नळ्यांतून खाली सोडायची योजना आहे. बाकी आकार उड्डाणाला अनुकूल नाहीत, उलट अडसर होतील असे आहेत. एकही विमान उडण्याजोगं नाही.

त्याच अभ्यासात, शास्त्रींच्या आत्मचरित्राच्या आधाराने, मुंबईच्या तळपद्यांचा उल्लेख येतो. तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेलं करून पाहिली, पण त्यांपैकी एकही उडवण्यात त्यांना यश आलं नाही, असं तिथे म्हटलं आहे. हे वाक्य मला या सबंध प्रकरणाची किल्ली वाटतं. ते कुठल्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाही, विरोधकाचंही नाही. विमानविद्येवर ज्यांची पूर्ण श्रद्धा होती आणि तळपद्यांच्या यशाने ज्यांचाच मोठेपणा वाढला असता, त्या माणसाच्या बाजूने आलेली ही साक्ष आहे. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष वजनदार मानावी, हे कोर्टात मानतात तसं इतिहासातही मानतात. १८९५ मध्ये पंधराशे फुटांचं उड्डाण झालं असतं तर शास्त्रींच्या कथनात ते आधी आलं असतं.

गोष्ट कशी वाढली

२००३ मध्ये राइट बंधूंच्या उड्डाणाची शताब्दी जगभर साजरी झाली. १७ डिसेंबर १९०३ च्या त्या सकाळी पहिली झेप १२ सेकंदांची आणि १२० फुटांची होती, चौथी ५९ सेकंदांची आणि ८५२ फुटांची. पाच जण बघत होते आणि पहिल्या झेपेचा फोटो त्यांच्यापैकीच एकाने काढला. त्या वर्षी आपल्याकडे तळपद्यांवर लेख आले आणि इंटरनेटवर त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये, संस्कृतातील प्राचीन विज्ञानावरच्या सत्रात, कॅप्टन आनंद बोडस आणि अमेय जाधव यांनी प्राचीन विमानविद्येवर निबंध सादर केला. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणाऱ्या, मागेही जाऊ शकणाऱ्या विमानांचे दावे झाले. नासात काम करणारे रामप्रसाद गांधीरामन यांनी आधीच या व्याख्यानाविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री सत्यपाल सिंह यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तळपद्यांचा शोध शिकवावा असं जाहीरपणे सांगितलं.

इथून पुढे प्रकरण इतिहासाचं राहिलं नाही. शंका घेणारा देशाचा अपमान करतो आणि मानणारा अडाणी, अशी वाटणी झाली आणि 'केसरी'चे बावन्न-त्रेपन्न अंक उलगडून दाखवायचं काम मागेच राहिलं. असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २०१३ मध्ये कायदाच केला की पहिलं उड्डाण राइट बंधूंचं नसून १९०१ मध्ये ब्रिजपोर्टला गुस्टाव्ह व्हाइटहेडने केलं. व्हाइटहेडच्या बाजूने निदान त्याच महिन्यातली वर्तमानपत्राची बातमी आहे, तारखेसकट. तरीही विमानेतिहासाचे बहुतेक अभ्यासक ते उड्डाण मानत नाहीत, कारण हवेतल्या यंत्राचा फोटो नाही आणि पुढची यंत्रं उडाली नाहीत. तळपद्यांच्या बाबतीत आपण तेवढ्या बातमीपर्यंतही अजून पोहोचलेलो नाही.

माझं मत असं. १८९५ चं उड्डाण, सांगितलं जातं त्या रूपात, झालेलं नाही. तळपद्यांनी मॉडेलं केली, बहुधा एकाहून जास्त वेळा आणि बरीच वर्षं. त्यांतलं एखादं क्षणभर हवेत राहिलं असेल, नसेलही. पाऱ्याचं इंजिन, रानडे, पंधराशे फूट, हे थर नंतर चढलेले आहेत.

हे मत बदलायला काय लागेल तेही सांगतो. १८९५-९६ च्या 'केसरी', 'इंदुप्रकाश', 'मुंबई समाचार' किंवा 'टाइम्स'मधली तारखेची बातमी. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या गोषवाऱ्यातली ओळ. बडोदा दरबाराच्या दफ्तरातली तळपद्यांना दिलेल्या किंवा नाकारलेल्या मदतीची नोंद. तळपद्यांच्या स्वतःच्या १९०७ च्या पुस्तकातला उतारा, ज्यात ते 'मी उडवलं' असं म्हणतात. उड्डाणाची बाजू मांडणाऱ्यांनी खरं तर याच पुस्तकापासून सुरुवात करायला हवी होती. ही सगळी साधनं मुंबई, पुणे आणि बडोदा या तीन शहरांत आहेत. मराठी, गुजराती आणि इंग्रजी वाचणारे दोन-तीन विद्यार्थी एका वर्षात ती पालथी घालू शकतील. एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने हा विषय एम.ए.च्या प्रबंधासाठी द्यावा आणि उड्डाण सापडलं नाही तरी तळपद्यांचं चरित्र त्या कागदांवरून लिहून घ्यावं. त्यांनी कोणत्या लाकडाचा, कापडाचा, यंत्राचा वापर केला, पैसा कुणी दिला, कोणत्या प्रयत्नात काय मोडलं, हे आज कुणालाच नीट सांगता येत नाही.